नावाचे कॉलेज आणि उसाचे बिल



जून-जुलैत लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही गटात फिरतो. बेणे, खत, पाणी यांच्या जोडीला हल्ली आणखी एक विषय हटकून निघतो : पोरगं बारावी झालं, आता कुठं घालायचं?

जवाहर नवोदय विद्यालयातून आलेल्या मुलांच्या घरी हा प्रश्न जास्त अवघड होतो. १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर व आपल्या अमरावती येथे या सरकारी शाळांची सुरुवात झाली. सहावीला परीक्षा घेऊन मुले निवडतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. त्यामुळे सात वर्षे घराला शिक्षणाची फारशी झळ लागत नाही. बारावीनंतर मात्र एकदम लाखांचे आकडे समोर येतात. त्यात पाहुणेरावळे म्हणतात, ‘‘नवोदयचा पोरगा, आणि साध्या कॉलेजात?’’ या एका वाक्यापायी घराचा हिशेब कोलमडतो.

हिशेब मांडूनच पाहू. एकरी ४० टन ऊस आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये हातात धरले, तर १ लाख २० हजार होतात. त्यात निम्मा खर्च गेला तर उरतात ६० हजार. फी, वसतिगृह, मेस मिळून वर्षाला ३ लाख लागले, तर पाच एकरांची शिल्लक एका मुलावर गेली. शिवाय आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा, फी मात्र दरवर्षी. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये, कारखान्याचे बिल गळीत सुरू झाल्यावर. मधल्या काळात पीककर्जाचा पैसा फीला जातो, नाहीतर सावकाराची पायरी चढावी लागते.

म्हणून मोठे कॉलेज नकोच, असे आमचे म्हणणे नाही. आयआयटीत जागा मिळाली तर फीचा आकडा ऐकून माघार घेऊ नका. २०१६ साली तिथली फी वर्षाला २ लाख झाली, पण त्याच वेळी १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले. ५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दोन-तृतीयांश माफी मिळाली. नाव आणि परवड दोन्ही जिथे जुळतात, तिथे धाडस करावे.

आमचा आक्षेप आहे तो गुणवत्तेने न मिळालेली जागा नावासाठी विकत घेण्याला. खाजगी कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की शासनाची फी-सवलत हातची जाते. तोच मुलगा सीईटी देऊन ‘कॅप’ फेरीतून गेला, तर ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या पात्र घराला शाहू महाराज योजनेतून निम्मे शिक्षणशुल्क परत मिळते. २०२४ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. तेव्हा ‘पोरीला कशाला एवढं?’ हे बोलणे आता तरी बंद व्हावे.

काही सभासद म्हणतात, नाव मोठे असले की नोकरी लागते. यात तथ्य आहे. पण चांगले बेणेही चोपण जमिनीत लावून भागत नाही. पहिल्या वर्षापासून घरच्या कर्जाची चिंता डोक्यावर घेऊन बसलेले पोर अभ्यास काय करणार? आणि धाकट्या भावंडांच्या वाट्याचे काय?

तेव्हा निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच मुलाला जवळ बसवा. सात-बारा, सोसायटीचे कर्ज, उसाचे बिल सगळे त्याच्यापुढे ठेवा आणि वर्षाला किती झेपेल तो आकडा ठरवा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा. कारखान्यानेही दर मे महिन्यात गटवार माहिती-मेळावा घ्यावा, अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे.

पोरगं हुशार आहे, ते कुठेही चमकेल. विकलेली जमीन मात्र परत येत नाही.

— ऊसविकास अधिकारी