चांदरातीला सोडलेली दारू

"आमच्यात दारू नसते." आपल्या मोहल्ल्यांत हे वाक्य फार सहज बोललं जातं. २०२२ च्या रमजानमध्ये गोंडपिपरीत मी ते एका डॉक्टरांना सांगितलं आणि माझ्या खालाजाद भावाचा जीव जाता जाता वाचला.

भाईजान ट्रक चालवायचे आणि कित्येक वर्षं रोज प्यायचे. भाभींना आणि मला ठाऊक होतं, बाकीच्यांना अंदाज होता, पण विषय कोणी काढत नसे. त्या वर्षी चांदरातीला त्यांनी खालांचा हात धरून कसम घेतली, आजपासून बंद. घरात आनंदीआनंद झाला. पहिल्या रोजाला दुपारी त्यांचे हात थरथरू लागले, कुर्ता घामाने चिंब. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे, सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. दुसऱ्या रात्री फिट आली, दात आवळले गेले. आम्ही कांदा हुंगवला. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मग वारलेल्या अब्बांशी बोलू लागले.

घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, असर झालाय. आमिलसाहेब आले, पाणी दम करून दिलं. भाईजान उठून पळू लागले तेव्हा ओढणीने हात खाटेला बांधले. बांधणाऱ्यांत मीही होतो.

असरच्या नमाजनंतर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सरळ विचारलं, "दारू घेतात का?" मागे मोहल्ल्यातले चार जण उभे होते. मी ते वर लिहिलेलं वाक्य बोललो. रोजा आहे, ऊन लागलंय, असंही जोडलं. डॉक्टरांनी माझ्या सांगण्यावरून इलाज केला, त्यात त्यांचा काय दोष? मध्यरात्री अंग तापलं, माणसं ओळखेनात. १०८ बोलावली. कोठारी, बल्लारपूर मागे टाकून चंद्रपूरला पोहोचेपर्यंत सेहरीची वेळ झाली होती. तिथे पुन्हा तोच प्रश्न आला. मी तोंड उघडायच्या आत भाभी म्हणाल्या, "रोज पीते थे. चांदरात से बंद है." त्या एका वाक्यानंतर पुढचा इलाज योग्य दिशेने सुरू झाला.

रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी सतत जोर लावून चालत असतो. दारू एकदम थांबली की तो जोर तसाच राहतो आणि त्याला आवरणारं काही उरत नाही. काही तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट, दोन ते चार दिवसांत भ्रम. या भ्रमात ताप आणि रक्तदाब वाढून माणूस दगावू शकतो. त्यावर औषधं आहेत, जुनी आणि स्वस्त आहेत, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही लागतात, पण हे सगळं दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली. म्हणजे ज्याने सर्वांत प्रामाणिकपणे तौबा केली, तोच सर्वांत जास्त धोक्यात येतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून पाणी फुंकत बसतो. दुआ करू नका असं मी म्हणत नाही. दुआ ॲम्ब्युलन्समध्येही करता येते.

बांधण्याबद्दल मला आजही लाज वाटते. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण जळून मेले, एकूण २८. त्यांनाही घरच्यांनीच, बरं व्हावं म्हणून तिथे ठेवलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधणं कोणत्याही रूपात बंद केलं. दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही याच कायद्यात येतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी, तातडीचा उपचार सुरू करू शकतो, ७२ तासांपर्यंत. पोलिसांनी अशा माणसाला ताब्यात घेतलं तर लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. आणि कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला असेल तर केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका. तो माणूस तीव्र तणावाखाली होता असंच हा कायदा धरून चालतो.

आमच्या जिल्ह्यात दारूवर बोलणं झालं ते बंदीपुरतं. १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली, २०२१ मध्ये उठली, दोन्ही वेळा सभा आणि भाषणं झाली. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, पण तिथे मुक्तिपथने तालुक्याच्या गावी व्यसनउपचाराची क्लिनिकंही चालवली. चंद्रपुरात बंदी हवी की नको, यावर माझं स्वतःचं मत दोनदा बदललं आहे. पिणाऱ्याला तिसऱ्या रात्री खाट कुठे मिळेल, हे मात्र दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांवरून मी कधी ऐकलं नाही.

जमातीकडून माझं मागणं छोटं आहे. शाबानच्या शेवटच्या जुम्म्याला इमामसाहेबांनी सांगावं: रोज पिणाऱ्यांनो, सोडा, पण एकट्याने सोडू नका, आधी डॉक्टरांना भेटा. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करायची सवलत आहे, हेही सांगावं. रात्री गाडी काढू शकतील अशा दोन तरुणांचे नंबर मस्जिदीत असावेत. सोबत १०८, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर, तिथे मराठीत बोलता येतं.

मोहल्ल्याच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, मस्जिदीत दारूचा कागद लावायचा? थोडा वाद झाला. भाईजान मागच्या ओळीत बसले होते. मधे एकदा ते पुन्हा घसरले, पुन्हा चंद्रपूरला गेले, आता आठ महिने झाले आहेत. ते म्हणाले, "आत नको लावू. चपला काढतात तिथे लाव. वाकल्यावर कुणाला न दिसता फोटो काढता येतो."

तिथेच लावला आहे.