आमचे वर्ष आणि त्यांचा महिना



गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या आरतीला पेटी नव्हती, हे आपल्याला आठवत असेल. दरवर्षी पेटी वाजवणारे काका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे येऊ शकले नाहीत. शेवटी कुणीतरी फोनवर आरती लावली. आजींना कुठे दम लागतो, मुले कुठे अडखळतात, हे फोनला काय कळणार? तो पुढे पळाला आणि आपण सगळे टाळ्या वाजवत त्याच्या मागे. आम्ही मात्र मखराशेजारी मान खाली घालून उभे होतो. कारण पुण्याहून विमानाने आणलेली चांगली पेटी आमच्या तळघरात चार वर्षे पडून होती.

ती पडून का राहिली? आळस हे एक कारण झालेच, पण खरे कारण वेगळे आहे. चौतिसाव्या वर्षी पेटी घेतली तेव्हा आम्ही ठरवले होते की चाळिशीला विशारद व्हायचे. डॉक्टरेट जमली, मग हे का जमणार नाही? तीन महिन्यांत कळले की डोक्याला समजते ते बोटांना समजत नाही. त्यातच आमच्या सात वर्षांच्या कन्येने पियानोची पहिली लेव्हल पार केली आणि आमच्या पेटीवर चादर पडली.

प्रयोगशाळेत आम्ही नव्या मुलांना सांगतो, आधी मोजा, मग बोला. पेटीच्या बाबतीत आम्ही आधी बोललो आणि मोजायचे विसरलो. तो हिशेब आता मांडतो. नोकरी, मुले, बर्फ उपसणे आणि मंडळाची कामे सांभाळून माणूस रोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस बसला, तर आठवड्याची शंभर मिनिटे होतात. सुट्ट्या आणि आजारपण वगळून 48 आठवडे धरले तर वर्षाचे 80 तास. संगीताचा विद्यार्थी रोज तीन तास रियाज करतो, म्हणजे त्याला या 80 तासांना जेमतेम 27 दिवस लागतात. आमचे वर्ष म्हणजे त्याचा महिना! एका महिन्यात जेवढे येईल तेवढे वर्षात आले, तर आपण नापास नाही, अगदी वेळेवर आहोत.

पायऱ्यापायऱ्यांनी शिकणे आपल्याकडे नवीन नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वर्षानुवर्षे गुरुगृही राहणे ज्यांना शक्य नाही, अशांसाठी वर्ग, अभ्यासक्रम आणि छापील पुस्तके आणली. 1931 साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. इथल्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीच्या परीक्षाही अशाच चढत्या पायऱ्यांच्या. आमचे मत असे की पायऱ्या सोडू नयेत, पण वर्षाला एक पायरी हा हट्ट मोठ्यांनी सोडावा. दोन वर्षे लागली तर लागू देत. मुलांशी तुलना तर नकोच. त्यांना चुकायची लाज नसते, शिवाय त्यांना वर्गाला सोडायला आपण असतो. आपल्याला कोण सोडणार?

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चादर काढली आणि एकच ध्येय ठेवले: पुढच्या गणेशोत्सवात गणपतीची आरती. त्याचे चार भाग केले. पहिले तीन महिने फक्त भाता एकसारखा आणि सप्तकाचा आरोह-अवरोह. पुढचे तीन महिने साधे अलंकार, फोनवरच्या केरव्याच्या ठेक्याबरोबर. मग आरतीची चाल, आपल्या मंडळात जी पट्टी धरतात त्याच पट्टीत. शेवटचे तीन महिने तीच आरती, घरच्यांच्या टाळ्यांबरोबर. कसोटी एकच, चूक झाली तरी थांबायचे नाही. आरतीत एखादा सूर चुकला तर देवही रागावत नाही, पण पेटी थांबली तर सगळेच थांबतात.

सहा महिन्यांनी वही पाहिली. 130 दिवस बसायचे होते, खुणा 92. म्हणजे हिशेबापेक्षाही सुमारे 30 टक्के कमी. तरीही संथ लयीत आरतीची चाल वाजते. पूर्वी हाच आकडा पाहून आम्ही पेटी बंद केली असती. आता तिसऱ्या भागाला चार महिने दिले आणि दुसरे कडवे सोडून दिले.

एक अनुभवाचा सल्ला: पेटी फर्नेसजवळ ठेवू नका. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेने लाकूड आकसते, फटी पडतात आणि हवा गळू लागते. आमची दुरुस्त करावी लागली.

आता मंडळाला एक विनंती. मुलांच्या स्पर्धा आपण हौसेने भरवतो. तशी मोठ्यांसाठी तीन महिन्यांतून एकदा साधी बैठक का असू नये? बक्षीस नको, परीक्षक नको. प्रत्येकाने तीन मिनिटे, जे येते ते वाजवायचे. नंतर चहा. पेटी, तबला, बासरी, काहीही चालेल. आपल्यापैकी किती जणांच्या तळघरात वाद्ये झोपली आहेत ते त्या दिवशी कळेल.

काकांचा गुडघा आता बरा आहे. यंदा पेटीवर तेच बसतील आणि शेजारी दुसरी पेटी घेऊन आम्ही. पण काका कायम पुरणार नाहीत, आणि आरती फोनच्या हवाली करायची की नाही, हे आपल्यालाच ठरवायचे आहे. रोजची वीस मिनिटे काढू शकेल असे आणखी कोणी आहे का? असल्यास मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर भेटा. आम्ही चहाच्या टेबलाशी असतो.