समासातली पेन्सिल

स्वतःच्या मालकीचे पुस्तक पेन्सिलीने खुणा करत वाचणारे आणि पान कोरे राखून वाचणारे, असे ग्रंथप्रेमींचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचा वाचक समासात उभी रेघ ओढतो, पटले नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकतो, शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठांकांची यादी करतो. दुसऱ्याला हे पुस्तकाचे विद्रूपीकरण वाटते. मराठी घरांत या दुसऱ्या पंथाचा दबदबा मोठा आहे. पुस्तकावर लिहिणाऱ्या मुलाला बहुधा ओरडाच बसतो. तरीही पुस्तक विचारप्रधान असेल तर पहिलीच सवय योग्य आहे, आणि पुस्तकाचा मानही तीच अधिक राखते.

कोऱ्या पानाचा पूर्वपक्ष दुबळा मात्र नाही. पुस्तक म्हणजे सरस्वती. पाय लागला तर ते उचलून कपाळाला लावायचे, दसऱ्याला पाटीवरच्या सरस्वतीशेजारी त्याची पूजा मांडायची, अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला छापील ओळीखालची रेघ खुपणारच. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक अनेकदा एक संस्कृत श्लोक लिहीत. त्यात पोथी स्वतःच विनवते, की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका. भावना खरी आहे. पण त्या विनवणीत वाचकाच्या लेखणीचे भय कुठेही नाही, आणि ते असण्याचे कारणही नव्हते. हस्तलिखिताच्या कडेने सोडलेला समास कामाचा होता: सुटलेली ओळ तिथे भरली जाई, कठीण शब्दाचा अर्थ तिथे किंवा दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिला जाई. चुकलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार पोथी दुरुस्त करण्याच्या या रीतीतून आला. ज्यांनी पोथ्या जिवापाड जपल्या, त्यांनीच त्यांवर लिहिलेही.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे. वाचकाची भर मूळ ग्रंथात घुसते आणि पुढच्यांना लेखक कोणता, वाचक कोणता, हे कळेनासे होते. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हे घडले. ज्ञानेश्वरांनंतर सुमारे तीनशे वर्षांत प्रतींमध्ये इतके पाठभेद साचले, की शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांना तिचे शुद्धीकरण हाती घ्यावे लागले. यापुढे कोणी पदरची ओवी घातली तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, असे त्यांनी बजावून ठेवले. ही तंबी सार्थ होती. मात्र तिचा रोख मजकुरात भर घालण्यावर आहे, मजकुराशेजारी विचार करण्यावर नाही. शिवाय हा धोका नकलेच्या युगातला: लेखनिक नक्कल करताना समासातले शब्द मुख्य ओळीत ओढून घेई. मुद्रणाने ती वाट बंद केली. छापील पुस्तकातली पेन्सिलीची टीप त्या एका प्रतीपुरती राहते.

आजचा आक्षेप सरस्वतीचे नाव घेत नाही, तो उपयुक्तता विचारतो. अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेणारा जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांचा 2013 मधील मानसशास्त्रीय निबंध अधोरेखनाला अल्प उपयोगाच्या पद्धतींत टाकतो. हे मान्यच करावे. पिवळ्या मार्करने निम्मे पान रंगवले तर हात चालतो आणि बुद्धी विसावते. मात्र त्याच निबंधात ‘हे असे का?’ असा प्रश्न घालत वाचणे आणि वाचलेले स्वतःला समजावून सांगणे या पद्धतींचे मोल मध्यम, म्हणजे अधोरेखनाहून वरचे ठरवले आहे. समासातला ‘का?’, ‘पुरावा?’, ‘पृ. 40 शी विसंगत’ अशी टिपणे म्हणजे हेच काम. तेव्हा या निष्कर्षाने मुक्या रेघेचे खंडन होते, शब्दांतल्या टिपणाचे मंडनच होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांचे विद्यार्थी होते. त्यांच्या ग्रंथसंग्रहातला काही भाग मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहे आणि त्यातल्या ड्युईंच्या पुस्तकांवर त्यांच्या खुणा आहेत. 1936 च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी या गुरूचे ऋण नाव घेऊन मान्य केले. त्यांचे ग्रंथप्रेम कोणाला शंका घेऊ देणार नाही इतके प्रसिद्ध आहे. राजगृह हे आपले घर त्यांनी ग्रंथांना जागा मिळावी म्हणून बांधले. खुणांमुळे त्या प्रतींचे मोल घटलेले नाही. कोणते वाक्य त्यांनी हेरले, कुठे थांबले, हे अभ्यासकाला तिथेच दिसते.

पुढच्या वाचकाचे वाचन अशा खुणांनी आधीच वळवले जाते, ही तक्रार रास्त आहे, म्हणून एक मर्यादा कडकपणे पाळावी लागते. ग्रंथालयाच्या किंवा उसन्या आणलेल्या पुस्तकाला पेन्सिल लागता कामा नये. ते पुस्तक शेकडो वाचकांचे असते. त्यावरची खूण म्हणजे दुसऱ्याच्या वाचनात आगंतुकपणे बोलणे. तिथे वही वापरावी. घरच्या पुस्तकालाही बॉलपेन आणि मार्कर वर्ज्य, कारण शाई पातळ कागदातून मागे उतरते. पानाचा कोपरा दुमडणे त्याहून वाईट: जुना आम्लयुक्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि दुमडलेला तुकडा एक दिवस हातात येतो. मऊ शिशाची पेन्सिल हलक्या हाताने चालवली तर ती कागदाला चरा पाडत नाही आणि खोडताही येते.

मराठीत या सवयीला आणखी एक कारण आहे. वैचारिक पुस्तकांनाही विषयसूची आणि नामसूची क्वचितच जोडलेली असते, त्यामुळे वाचलेला मुद्दा पुन्हा शोधायचा तर सगळे पुस्तक चाळावे लागते. शेवटच्या कोऱ्या पानावर विषय आणि पृष्ठांक टिपणारा वाचक प्रकाशकाने टाळलेले काम स्वतः करतो. पाचशे पानांच्या चरित्राला अशी वीस ओळींची यादी जोडली, की ते पुन्हा पुन्हा उघडण्याजोगे होते.

कथा, कादंबरी, कविता यांचे पहिले वाचन मात्र पेन्सिलीविना व्हावे. तिथे ओघ तुटला तर रसभंग होतो. खुणांची वेळ दुसऱ्या वाचनाची. आणि वर्षांनंतर तेच पुस्तक हाती आले, जुनी टीप चुकीची वाटली, तरी ती खोडू नये. तिच्याखाली नवे मत आणि तारीख लिहावी.