पेटीआधी कान

पेढीवर बसणाऱ्या माणसाला माल उचलण्यापूर्वी त्याची गरज तपासण्याची सवय असते. हौसेची वस्तू घ्यायला निघाला की मात्र हीच सवय तो गल्ल्यापाशी विसरून जातो. हे मी इतरांना नावे ठेवण्यासाठी नव्हे, स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, एका संध्याकाळी म्हणाले, "नाट्यगीत ऐकू येते, पण शब्द पूर्वीसारखे लागत नाहीत." आमच्याकडे जुना इंटिग्रेटेड अँप्लिफायर आणि दोन चांगले स्पीकर होते. मोबाइलवरील गाणी ब्लूटूथने त्यावर वाजत. दोष यंत्राचाच, असे मी क्षणात ठरवून टाकले. शहरातील एका दुकानदाराने डॅक आणि प्रीअँप अशा दोन स्वतंत्र पेट्या सुचवल्या. सव्वा लाख रुपये मोजून मी त्या घरी आणल्या. पहिल्याच रात्री स्पीकरमधून बारीक घूं असा आवाज सुरू झाला. आठ दिवसांनी अण्णा शांतपणे म्हणाले, "पेट्या देखण्या आहेत. शब्द अजून आलेले नाहीत."

त्यानंतर मी जे शिकलो, ते खरेदीपूर्वीच शिकायला हवे होते.

डॅक म्हणजे डिजिटल संगीताचे विद्युत् लहरींत रूपांतर करणारे यंत्र. सीडीच्या दर्जाच्या संगीतात ध्वनीची प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा १६ बिटांत नोंद केलेली असते. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा स्वर ऐकतो आणि तो अचूक टिपण्यास त्याच्या दुपटीहून थोड्या अधिक नोंदी पुरतात. म्हणजे सीडीचा दर्जा मुळातच कानाच्या मापाने आखलेला आहे. २००७ साली मेयर आणि मोरान या अमेरिकी अभ्यासकांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर ऐकताना, अधिक सूक्ष्म नोंदीचे संगीत आणि तेच संगीत सीडीच्या दर्जावर उतरवलेले, यांतील फरक त्यांच्या श्रोत्यांना ओळखता आला नाही. तेव्हा '१९२ किलोहर्ट्झ' किंवा '३२ बिट' असा आकडा ठळक छापलेला असला, म्हणून त्यासाठी दुप्पट किंमत मोजण्याचे कारण नाही. आपल्या साधनांना जुळणारी जोडणी, नीट चालणारे आवाजाचे नियंत्रण आणि जवळपास दुरुस्तीची सोय, एवढे डॅकमध्ये पाहावे. ब्लूटूथवर संगीत पाठवताना बहुधा त्यातील काही अंश गाळला जातो. तेच वायफायने स्ट्रीमरवर घेतल्यास तो गाळावा लागत नाही. ही सुधारणा कमी खर्चात होते.

प्रीअँपचे काम तीन प्रकारचे: अनेक साधनांतून एक निवडणे, आवाज कमीजास्त करणे आणि आवश्यक तेथे क्षीण लहर वाढवणे. इंटिग्रेटेड अँप्लिफायरमध्ये हे सारे आधीच असते. आमच्याही होते. मी एकाच कामाला दोन माणसे ठेवली, आणि दुसऱ्याने कामापेक्षा गोंगाटच अधिक केला. घरात केवळ पॉवर अँप असेल, तर प्रीअँपचा विचार अवश्य करावा. त्यातही ऐकण्याचे साधन एकच असेल आणि डॅकला स्वतःचे आवाजाचे नियंत्रण असेल, तर तेवढ्यावर भागते. मात्र येथे सावध राहावे. डॅकची पातळी 'स्थिर' ठेवून तो थेट पॉवर अँपला जोडला, तर पहिलाच स्वर पूर्ण ताकदीने सुटतो आणि स्पीकर व कान दोहोंनाही इजा होऊ शकते. तबकडीचा प्लेअर, टीव्ही आणि स्ट्रीमर अशी तीन-चार साधने असतील, तर स्वतंत्र प्रीअँप आपली किंमत वसूल करतो. तबकडीच्या सुईकडून येणारी लहर केवळ काही मिलिव्होल्टची असते. तिच्यासाठी फोनो विभाग लागतो, तो त्यात आहे का, हे आधी विचारावे.

त्या घूं आवाजाचे मूळ अर्थिंगमध्ये होते. दोन यंत्रे दोन वेगळ्या प्लगवर होती. ती एकाच बोर्डावर घेतली आणि स्ट्रीमर ते डॅक ही जोडणी ऑप्टिकल तारेने केली, तेव्हा आवाज थांबला. अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि ऐकू नये.

दुकानात तुलना करतानाही तराजू सारखा हवा. ज्या पेटीचा आवाज किंचित मोठा, ती आपल्याला अधिक गोड वाटते, आणि मोठेपणा मात्र लक्षात येत नाही. एकच चाचणीस्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज मल्टीमीटरने सारखे करून घ्यावे, मगच ऐकावे. विक्रेत्याने यास नकार दिला, तर वस्तू परत करण्याची मुदत लेखी घ्यावी.

आता अण्णांच्या शब्दांविषयी. धाकट्या बहिणीने एक दिवस सहज विचारले, "अण्णांचे कान कधी तपासले?" तपासणीत निष्पन्न झाले, की वयोमानाने त्यांची उच्च स्वर ऐकण्याची शक्ती बरीच उणावली होती. स, श, त, क यांसारखी व्यंजने याच भागात असतात. म्हणून गाणे येत होते, शब्द निसटत होते. जे कानापर्यंत पोहोचतच नव्हते, ते सव्वा लाखाची कोणतीही पेटी आणू शकत नव्हती. पेढीवर अण्णांनी मला शिकवले होते, की हिशेब जुळेना, तर आधी मूळ नोंद पाहावी. मी त्यांच्याच बाबतीत ती पाहिली नाही.

त्यांना श्रवणयंत्र बसवले. तज्ज्ञांनी त्यात संगीतासाठी वेगळी रचनाही करून दिली. प्रीअँप मी तोट्यात विकला, डॅक ठेवला. परवा दिवेलागणीला त्यांनी जुनेच नाट्यगीत लावले, डोळे मिटून ऐकले आणि आईला हाक मारून म्हणाले, "अगं, ये. शब्द आले."

आपल्या घरी कोणी अशी तक्रार केली, तर दुकानाची वाट धरण्यापूर्वी त्यांच्या शेजारी बसून एक गाणे ऐकावे. आपल्याला शब्द स्पष्ट लागत असतील आणि त्यांना नाही, तर खर्च कोठे करायचा, ते तेथेच कळते.