नागिणीचे वेटोळे आणि ७२ तासांचा हिशोब

मुद्दा सरळ आहे. 'नागीण' हा आजार विषाणूमुळे होतो. त्यावर औषध आहे. अंगावर पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू केले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. आणि नेमके हेच ७२ तास आपल्या गावांत, वाड्यांत, वस्त्यांत मांत्रिकाच्या दारात खर्ची पडतात. हे तास कोण चोरतो आणि ही चोरी कोण चालू देतो, हा माझा प्रश्न आहे.

मागच्या पावसाळ्यात मला स्वतःला नागीण झाली, त्यामुळे हे ऐकीव लिहीत नाही. या आजाराची सुरुवात पुरळाने होत नाही, हे आधी लक्षात घ्या. उजव्या बरगडीखाली तीन दिवस नुसती आग होत होती. कातडीवर काहीच दिसत नव्हते, पण सदऱ्याचे कापड लागले तरी निखारा ठेवल्यासारखे वाटे. जवळच्या एका दवाखान्यात पित्ताची गोळी मिळाली. चौथ्या दिवशी आंघोळ करताना पाठीपासून छातीपर्यंत लाल पट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस दिसले. दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. कोणी गेरू आणून दिला. कोणी दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावायला सांगितला. कोणी मीठ-तिखट बंद करायला लावले. शेजारच्या मावशी कळवळून म्हणाल्या, "भाऊ, उशीर करू नका. तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस वाचत नाही." नागीण उतरवणाऱ्याचा पत्ता मला चौघांनी दिला. त्वचारोगाच्या डॉक्टरचा पत्ता एकानेही दिला नाही.

मी त्याच दिवशी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. डॉक्टरांनी एका नजरेत निदान केले, रक्तातली साखर तपासायला लावली आणि असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस, असे लिहून दिले. पाच-सहा दिवसांत नवे फोड थांबले. दहाव्या दिवसापर्यंत खपल्या धरल्या. रात्रीच्या कळा मात्र सव्वा महिना पुरल्या. कूस बदलली की वीज चमकल्यासारखी कळ जाई. आज तिथे फिकट डाग उरलेत, वेदना नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या आत्याला गावी हाच आजार झाला तेव्हा तिचे वय ६८ होते. तिला आठ दिवस एका मांत्रिकाकडे नेले. त्याने मंत्र टाकला, फोडांवर राख लावली, तेल-तिखट बंद केले आणि दक्षिणा घेतली. फोडांत पू झाला तेव्हा कुठे तिला तालुक्याला आणले. फोड बरे झाले, पण दोन वर्षे झाली तरी आत्या म्हणते, "पदर लागला तरी आग होते रे." पुरळ गेल्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या या दुखण्याला डॉक्टर नागिणीनंतरची मज्जातंतूवेदना म्हणतात. वय जितके जास्त तितका तिचा धोका जास्त. वेळेवर गोळ्या घेतल्या म्हणून ती टळेलच अशी हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. पण वेळेवर औषधाने फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीच्या वेदनेचा काळ कमी होतो. आत्याला ती संधीच मिळाली नाही. शिवाय मागे उरणाऱ्या वेदनेवरही गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधे डॉक्टर देतात. तीही तिला दीड वर्षाने मिळाली, कारण तोवर घरच्यांचा समज एकच होता: "विष अंगात राहिलंय."

कोणी म्हणेल, "पण मांत्रिकाकडे जाऊन लोक बरे होतात, त्याचे काय?" होतात ना! कारण नागिणीचे पुरळ बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत आपोआप बरे होते. जो आजार आपोआप बरा होतो, त्यावर प्रत्येकाचा मंत्र चालतो. गेरू लावा, राख लावा, काहीच लावू नका, खपली धरणारच. मांत्रिक नागीण उतरवत नाही. ती उतरायच्या वेळी तो तिथे बसलेला असतो, एवढेच. आणि जिथे ती उतरत नाही, डोळ्यात जाते, कानात जाते, वर्षानुवर्षे छळते, तिथे तो म्हणतो, "तुम्ही उशिरा आलात" किंवा "पथ्य मोडलं". जिंकला तर मंत्र, हरला तर रोगी दोषी. हा धंदा बुडणार कसा?

वेटोळ्याच्या भीतीचेही असेच आहे. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले, मधुमेह, कर्करोग, एचआयव्ही किंवा काही औषधांमुळे प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. कण्यातून निघणारे मज्जातंतू डावे-उजवे जोडीने असतात आणि प्रत्येकाची हद्द अंगाच्या मध्यरेषेपाशी संपते. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो आणि मध्यरेषेवर थांबतो. तोंड-शेपूट एक व्हायला इथे साप नाहीच. दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड आले तर तो सापाचा कोप नव्हे, प्रतिकारशक्ती फार खालावल्याची खूण असू शकते. तेव्हा तर रुग्णालय एका तासानेही लांबवू नये. तीच गोष्ट कपाळ, पापणी किंवा नाकाच्या शेंड्यावर आलेल्या फोडांची. तिथे डोळ्याला धोका असतो. आणि ७२ तास उलटून गेले असले तरी डॉक्टरकडे जायचेच, नवे फोड येत असतील तर तेव्हाही औषध दिले जाते.

हे ज्ञान आकाशवाणीने आले नाही. एडगर होप-सिम्पसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने सायरेन्सेस्टर या छोट्या गावात साधा दवाखाना चालवत आपल्या नागिणीच्या रोग्यांच्या सोळा वर्षांच्या नोंदी ठेवल्या आणि १९६५ मध्ये मांडले की नागीण म्हणजे अंगात दडून राहिलेला कांजिण्यांचाच विषाणू. आणि असायक्लोव्हिर? ज्या प्रयोगशाळेत ते घडले तिथे गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने त्याचे कार्य उलगडले. न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातली ही मुलगी. बाई आहे म्हणून तिला सुरुवातीला प्रयोगशाळांनी दारे बंद केली. तिने पीएचडी पूर्ण केली नव्हती. तिला १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्यांना दाराबाहेर ठेवले जाते त्यांच्यातून काय उभे राहू शकते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. तिच्या कामाचे फळ असलेली गोळी आपल्या वस्तीत पोहोचण्याआधी गेरू का पोहोचतो, हा प्रश्न म्हणून अधिकच बोचतो.

दाराबाहेर ठेवण्यावरून आठवले. नागीण झालेल्या माणसाचे ताट-वाटी वेगळी करणे, त्याला ओसरीवर झोपवणे, असे प्रकार मी आपल्याच घरांत पाहिले आहेत. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वेगळे मडके भोगले, त्यांनी आजारी माणसाचे मडके वेगळे करावे? नागिणीच्या रोग्यापासून दुसऱ्याला नागीण होत नाही. ज्याला कांजिण्या कधी झाल्या नाहीत आणि लसही मिळाली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात, तेही खपल्या धरेपर्यंतच. म्हणून फोड स्वच्छ कापडाने झाकावेत, हात धुवावेत, कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईपासून आणि तान्ह्या बाळापासून तेवढे दिवस जपावे. बस. बाकीची शिवाशिव अज्ञानाची आहे.

आता कायद्याकडे या. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्यानंतर महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. खरा साप चावला तर कायदा आहे. सापाचे नुसते नाव असलेल्या आजाराचा मात्र त्या कलमात उल्लेख नाही. ज्याच्यामुळे रोग्याचे उपचाराचे दिवस वाया जातात तो कोणत्याही आजाराचा मांत्रिक असो, तो या कक्षेत यायला हवा.

पण नुसता मांत्रिकाला शिव्या देऊन मोकळे होणारे सुशिक्षित मला मान्य नाहीत. माणूस मांत्रिकाकडे का जातो? तो पायी अंतरावर असतो, रविवारीही भेटतो, रांग लावत नाही, "काय झालं बाई?" असे विचारतो. आणि प्राथमिक आरोग्य केंद्र? तिथे डॉक्टर भेटला तर गोळी नाही, गोळी असली तर तालुक्याची चिठ्ठी. ठेक्यावरच्या सफाई कामगाराला एक दिवस सुट्टी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. पण ठेकेदाराने हप्ताच भरला नाही तर ती तरतूद कागदावर. ज्याला सुट्टी नाही त्याला ७२ तासांचे महत्त्व सांगून काय उपयोग? अंधश्रद्धा डोक्यात असते तशी ती अंतरात आणि खिशातही असते.

लसीचेही तेच. नागिणीची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते, ५० वर्षांवरील माणसांसाठी. चाचण्यांत तिची परिणामकारकता ९० टक्क्यांच्या आसपास आणि त्याहून वर दिसली आहे. पण एका डोसला हजारो रुपये पडतात आणि सरकारी लसीकरणात ती नाही. म्हणजे साठीतल्या बंगल्याला लस आणि साठीतल्या झोपडीला गेरू. याला विषमता म्हणायचे नाही तर काय?

एक गोष्ट आपल्या लोकांना घरात म्हणून सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण ज्या धम्माच्या वाटेवर आलो, ती वाट तपासून पाहायला सांगते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि दंडात नागिणीचा दोरा, हे एकाच घरात शोभत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या कलम ५१-अ ने सांगितलेले कर्तव्य आहे. ते १४ एप्रिलच्या भाषणापुरते नाही, आईच्या पाठीवर फोड दिसतील त्या सकाळसाठी आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. असायक्लोव्हिर देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तर ८०० ची गोळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असलीच पाहिजे. आशाताईंना नागीण ओळखायला शिकवा, म्हणजे त्या पहिल्याच दिवशी रोग्याला पाठवतील. ठेका कामगारांना पगारी आजारी रजा द्या. साठीपुढच्या गरिबांना लस सरकारी खर्चाने द्या. आणि आपल्या बाजूने एक काम आजपासून करता येईल. प्रत्येक विहाराच्या, वाचनालयाच्या फळ्यावर एवढेच लिहा: एका बाजूला आग आणि फोडांचा पट्टा दिसला की तीन दिवसांच्या आत सरकारी दवाखाना. त्याखाली जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ लिहा. मांत्रिकाचा पत्ता गल्लीला तोंडपाठ आहे. डॉक्टरचाही होऊ द्या.

जयभीम.