म्हातारीवर कोण हात टाकणार?



बलात्कार हा वासनेचा नव्हे, सत्तेचा प्रश्न आहे, हे स्त्री चळवळ मथुरा प्रकरणापासून सांगत आली. तरीही अत्याचार झालेली बाई म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे येते ती तरुणच. सत्तरीतल्या बाईने तोंड उघडले, तर पहिला प्रश्न येतो तो वरचा.

न्यायालयेही यातून सुटलेली नाहीत. ६५ ते ७० वर्षांच्या एका स्त्रीवरील बलात्कार व खुनाच्या प्रकरणात २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या आरोपीची सुटका केली. तिचे पाळीचे वय उलटून गेले होते, याची निकालपत्रात आवर्जून नोंद आहे. संमती होती की नव्हती, याचा पाळीशी संबंध काय?

२०१५ मध्ये पश्चिम बंगालमधील राणाघाटच्या कॉन्व्हेंटमध्ये सत्तरी ओलांडलेल्या ननवर बलात्कार झाला, तेव्हा देशभर निषेध झाला. तिथे गुन्हेगार बाहेरून आले होते. घरात किंवा वृद्धाश्रमात अत्याचार करणारा असतो तो अंघोळ घालणारा, गोळ्या देणारा, पेन्शन काढून आणणारा. त्याच्याविरुद्ध बोलले तर उद्या पाणी कोण देणार? कधी तो चाळीस वर्षांचा नवराच असतो. भारतीय न्याय संहितेनेही नवऱ्याला बलात्काराच्या कलमातून दिलेली सूट तशीच ठेवली आहे. मग बायको अंथरुणाला खिळलेली का असेना! (वृद्ध पुरुषांवरही अत्याचार होतात. जुने कलम ३७७ गेल्यावर नव्या संहितेत त्यांच्यासाठी वेगळे कलमच उरलेले नाही.)

तिच्या स्मृतीवर परिणाम झाला असेल, तर मग सगळेच सोपे होते. ‘तिला भास होतात’ म्हटले की विषय संपतो. ती तारीख-वार सांगू शकणार नाही, पण अंघोळीच्या वेळी अचानक आक्रोश करू लागते, ठरावीक माणूस खोलीत आला की अंग चोरते. मांडीच्या आतल्या बाजूला वळ, अंगावरून रक्त, पुन्हा पुन्हा लघवीची जळजळ, हे सगळे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. पाळी गेल्यावर योनीमार्गाची त्वचा पातळ होते, त्यामुळे जखमा जास्त होतात आणि उशिरा भरतात.

अशा वेळी घरच्यांची पहिली धडपड तिला स्वच्छ करण्याची असते. शक्य असेल तर तपासणीपूर्वी अंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवा. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयावर मोफत उपचारांचे बंधन आहे आणि त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार करावी लागत नाही. गरोदरपणाची भीती नाही म्हणून एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या टाळू नयेत. त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. तिचा जबाब घ्यायला महिला पोलिसांनी घरी यायला हवे. ती अपंग असेल किंवा अत्याचार करणाऱ्याच्या ताब्यात असेल, तर शिक्षा किमान दहा वर्षांची आहे. पोलीस आपणहून ते कलम लावतील असे धरून चालू नका.

बहुतेक घरांत बोभाटा नको म्हणून तिलाच वृद्धाश्रमात पाठवतात. तो घरात राहतो, तिचे घर सुटते, शेजारणी सुटतात, देवघर सुटते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोटगीचा, मालमत्तेचा विचार आहे, लैंगिक अत्याचाराबद्दल अवाक्षर नाही. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो, आणि तो आईला, सासूला, आजीलाही लागू आहे. एका घरात राहणाऱ्या नवऱ्याला, मुलाला, पुतण्याला घराबाहेर काढण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करताना ही मागणी स्पष्ट शब्दांत लिहा आणि अर्ज तिला वाचून दाखवूनच तिची सही किंवा अंगठा घ्या.