बारा मिनिटांसाठी पंप वाढवायचा?

गळीत हंगामात इंदापूर-अकलूज रस्त्यावर बावड्याजवळ दहा मिनिटं उभे राहा. उसाने भरलेली डबल ट्रॉली जागेवरून निघते, इंजिनचा आवाज चढत जातो आणि मागे काळ्या धुराचा पट्टा सुटतो. बघणारा कौतुकाने म्हणतो, ‘पंप वाढवलाय वाटतं!’

तुम्ही डिप्लोमाला असा, अ‍ॅग्रीला असा, नाहीतर कॉमर्सला. घरी ट्रॅक्टर किंवा ट्रक असेल तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलंय. कदाचित सुट्टीत घरी गेल्यावर ‘आपला पण वाढवून घेऊ की,’ असं तुम्हीच म्हणाला असाल. तर मग आज त्या ‘वाढवण्या’चा हिशेब मांडूया.

गव्हर्नर कशासाठी असतो?

पेट्रोल इंजिनात हवा अडवून ताकद कमी-जास्त करतात. डिझेल इंजिन मात्र हवा पूर्ण घेतं आणि ताकद ठरते डिझेल किती सोडलं त्यावर. म्हणूनच त्याला लगाम लागतो. भार अचानक सुटला आणि डिझेल तेवढंच येत राहिलं, तर इंजिन पळत सुटेल आणि स्वतःलाच फोडून घेईल. हा लगाम म्हणजे गव्हर्नर. त्याची कल्पना जुनी आहे. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या वजनांचा गव्हर्नर लावला. जुन्या डिझेल पंपात आजही तेच तत्त्व चालतं: इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंग दबते, पंपाचा रॅक मागे सरकतो आणि डिझेल कमी होतं.

‘पंप वाढवणं’ म्हणजे दोनपैकी एक काम, किंवा दोन्ही. एक, प्रत्येक फवाऱ्याला जास्त डिझेल जाऊ देणं. दोन, गव्हर्नर डिझेल कापतो तो आकडा वर नेणं, म्हणजे इंजिन जास्त आरपीएमपर्यंत ओढत राहतं. कंपनीने या जागा सील केलेल्या असतात. ते सील तोडूनच पुढचं काम होतं. ट्रकला ताशी ८० किलोमीटरवर रोखणारं जे यंत्र बसवतात, ते वेगळं. त्याची आणि याची गल्लत करू नका.

ताकद वाढते, पण कुठून?

ताकद वाढते, हे खोटं नाही. पण एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली, तर उरलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. ज्याला आपण ‘गाडीचा दम’ म्हणतो तो काळा धूर म्हणजे तुम्ही पैसे मोजलेलं, न जळलेलं डिझेल आहे. सायलेन्सरकडे जाणारी उष्णता वाढते. त्यात टर्बो, हेड गॅस्केट आणि पिस्टन भाजून निघतात.

आरपीएमचं गणित तर आणखी वाईट. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ओढीचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. इंजिन २,५०० ऐवजी ३,००० आरपीएमला फिरवलं, तर वेग २० टक्के वाढतो, पण ताण ४४ टक्के. इंजिनचं काम काढायला दोन-तीन हंगाम थांबायचं होतं, ते याच हंगामात निघू शकतं.

आणि ब्रेक? पंप वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाहीत. बऱ्याच ट्रॉल्यांना तर स्वतःचे ब्रेकच नसतात. ताशी २० ऐवजी ३० च्या वेगाने तोच ऊस चालला असेल, तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. समोर दुचाकीवर क्लासहून परत येणारा तुमचाच मित्र असू शकतो.

वेळ नक्की जातो कुठे?

मग लोक पंप का वाढवतात? फक्त हौस म्हणून नाही. वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर मिळतो. ट्रॅक्टरचा हप्ता असतो, टोळीला दिलेली उचल अडकलेली असते आणि हंगाम चार-पाच महिन्यांचाच. जास्त खेपा, जास्त पैसे, हे साधं गणित. त्यात पंपवाल्याकडचं काम हे इंजिन मोठं घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

पण हे गणित पूर्ण करून बघा. फड ते कारखाना २० किलोमीटर धरू. ताशी २० च्या वेगाने एक तास लागतो. पंप वाढवून २५ ने गेलात, तर ४८ मिनिटं. वाचली बारा मिनिटं. त्याच खेपेत फडात मोळ्या भरायला किती वेळ गेला? काट्यावर किती? गव्हाणीपुढे नंबर लागेपर्यंत किती? तिथे तास जातात. टनावर दर असल्याने रांगेतला तास फुकटच जातो. म्हणजे खेपा अडतात त्या रांगेत, आणि आपण स्क्रू फिरवतो इंजिनचा.

हा प्रश्न एकट्या गाडीवाल्याचा नाही. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापला जातो. वाहतूक महाग पडली की झळ शेवटी फडाच्या मालकालाही बसते. तेव्हा ‘तोडणीचा कार्यक्रम वेळेवर लावा, नंबर मोबाइलवर कळवा, वाहनतळावर ताटकळत ठेवू नका’ ही मागणी कारखान्याच्या सभेत व्हायला हवी. सभासदाच्या घरातली शिकलेली पोरं ती मांडू शकतात.

अमेरिकेतही हेच

हा नाद फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज काढला होता: आधीच्या दहाएक वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ ट्रक आले. त्यात स्क्रू नाही, कॉम्प्युटर आहे. पण तिथेही ‘रीमॅप करून देतो, युरिया बंद करून देतो’ म्हणणारे भेटतातच. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं. हा धूर सगळ्यात आधी गाडीमागच्या टोळीतली माणसं आणि त्यांची लेकरं घेतात.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाल्यावर विम्याचा दावा अडला, तर ते नुकसान वेगळंच.

मग करायचं काय?

गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर बघा, नोझल तपासा, टायरची हवा बघा आणि पंप टेस्ट बेंचवर कंपनीच्या मापाला लावून घ्या. अनेकदा गेलेली ताकद तिथेच परत मिळते. मागे रिफ्लेक्टर लावा. आणि पुढच्या सुट्टीत घरच्या गाडीची एक वही ठेवा: फडात किती वेळ, रस्त्यावर किती, रांगेत किती, डिझेल किती. आठवड्याभरात तुम्हालाच दिसेल, स्क्रू नक्की कुठला फिरवायचाय.